वाटणी जमिनीची झाली, कसण्याची नको
— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते



शेतकी खात्याच्या लागण नोंदवहीत पूर्वी सभासदाच्या नावापुढे ऊसाचे क्षेत्र एकरात लिहीत. आता पानामागून पान गुंठ्यातच जाते. आजोबाच्या एका नावाच्या जागी चार-पाच नावे आली, आणि शिवार मात्र होते तेवढेच आहे. कोणी म्हणतो सुनांनी घर फोडलं, कोणी म्हणतो पोरांना शेतीच नको. दोष कुणावर ढकलण्यापूर्वी जुना हिशेब बघणे बरे.

पुण्याच्या शेतकी कॉलेजचे त्या काळचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची घरोघर पाहणी केली आणि १९१७ साली ती पुस्तकरूपाने छापली. त्यात त्यांनी जुन्या दप्तरावरून काढलेला हिशेब असा : १७७१ साली गावात एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १८१८ साली ती साडेसतरा एकरांवर आली आणि १९१५ च्या सुमारास अवघी ७ एकर राहिली. १५६ मालकांच्या जमिनीचे ७२९ तुकडे पडले होते. त्यातले ४६३ तुकडे एकराच्या आतले आणि ११२ तर दहा गुंठ्यांच्याही आतले.

पुढचा आकडा जास्त बोलका आहे. तपासलेल्या १०३ कुटुंबांपैकी नुसत्या जमिनीवर नीट भागत होते ते ८ कुटुंबांचे. बाहेरच्या नोकरी-मजुरीची जोड होती म्हणून आणखी २८ कुटुंबे सावरलेली होती. उरलेल्या ६७ घरांचा मेळ बसत नव्हता. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीसुद्धा गाव एकट्या शेतीवर जगत नव्हते. आज ते पिंपळे सौदागर पिंपरी-चिंचवड शहरात गेले आहे आणि शिवारात टोलेजंग इमारती उभ्या आहेत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही १९१८ साली लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, शेत लहान का मोठे हे नुसत्या एकरावर ठरत नाही. त्यावर भांडवल, अवजारे आणि माणसे किती लागतात यावर ठरते. जमिनीवर फार माणसांचा भार पडला आहे, तो दुसऱ्या उद्योगांनी हलका केल्याशिवाय नुसते तुकडे जोडून भागणार नाही. पुढे १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा आला. पण आपल्या भागात वाटणी आधी बांधावर तोंडी होते आणि सातबाऱ्यावर मागाहून चढते, हे तुम्हाला मी काय सांगावे!

राज्याचा हिशेब याहून वेगळा नाही. कृषी गणनेप्रमाणे महाराष्ट्रात १९७०-७१ साली सरासरी खाते ४.२८ हेक्टरचे, म्हणजे साडेदहा एकरांचे होते. २०१५-१६ साली ते १.३४ हेक्टर, म्हणजे तीन एकर बारा गुंठ्यांवर आले. पंचेचाळीस वर्षांत एक तृतीयांशाच्याही खाली!

जमीन नसलेल्यांचे पोट तर त्याआधीच सुटले. विहिरीवर मोट होती तेव्हा तिच्यामागे चर्मकाराचे कातडे, सुताराचे लाकूड, लोहाराचे लोखंड आणि मातंगाचा नाडा लागे. आधी इंजिन आले, मग विजेची मोटर आली. पाणी वाढले, ऊस वाढला, पण या घरांचे काम गेले. आपल्या बहुतेक गावांतून मुंबई-पुण्याला आधी गेले ते हेच लोक. शेतकऱ्याची पोरं त्यांच्यामागून गेली.

आता आपल्या ऊसाचा हिशेब मांडू. समजा आजोबाचे १२ एकर होते. तीन मुलगे आणि प्रत्येकाला दोन मुलगे, म्हणजे नातवाच्या वाट्याला २ एकर. पाणी पुरते म्हणून एक एकर सुरू ऊस लावला. ४० टन निघाला आणि टनाला ३,००० रुपये मिळाले, तर १ लाख २० हजार झाले. खर्च निम्मा धरा. हाती ६० हजार, म्हणजे महिना ५ हजार. एवढ्यात शाळा, दवाखाना, लग्नकार्य कसे व्हायचे? पोरगा एमआयडीसीत गेला तर त्याला नावे ठेवू नका. मॅनसाहेबांच्या वेळी २८ घरे याच वाटेने तगली होती.

दुसरी अडचण तोडणीची. बीड, अहिल्यानगर, जालन्याकडून कोयता घेऊन येणारे जोडपेही कोरडवाहू तुकड्यावर भागत नाही म्हणूनच घर सोडते. त्यांच्या मुलांनी शाळा शिकून दुसरे काम धरावे, आणि ती धरतीलच. त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. पण मग आपला ऊस तोडणार कोण? तोडणी यंत्र म्हणावे, तर त्याला साडेचार-पाच फुटी सरी, लांब ओळ आणि वळायला जागा लागते. पंधरा गुंठ्यांच्या फडात यंत्र नुसते वळतच बसते. शेजारच्या दोघांच्या जाती वेगळ्या, लागणीच्या तारखा वेगळ्या, मग मधल्याच्या उभ्या ऊसातून वाट तरी कशी काढायची?

माझे मत असे की, वाटणी आता थांबत नाही, पण कसणे एकत्र होऊ शकते. बांधाला बांध असलेल्या चार-सहा सभासदांनी एकच जात, एकाच पंधरवड्यात, एकाच दिशेच्या रुंद सरीत लावावी. मधला बांध काढा, हद्दीचे दगड ठेवा. सातबारा, खाते आणि बिल ज्याचे त्याचे राहू द्या. खेपा एकत्र झाल्या तर टनेज गुंठेवारीने वाटायचे, हे लागणीआधीच कागदावर लिहून सह्या करा. ठिबक, पाचटकुट्टी, खोडव्याची मशागत एका खर्चात होईल. सहा घरांतल्या एकाने पूर्णवेळ शेती पाहावी, त्याचा मेहनताना ठरवून द्यावा, आणि बाकीच्यांनी निर्धास्तपणे आपापल्या कामाला जावे.

यावर पहिली शंका येते ती अशी : "साहेब, सख्ख्या भावाशी बोलणं नाही आणि तुम्ही शिवार एक करायला सांगता!" खरे आहे. म्हणून सुरुवात भावकीतच करा असे नाही. ज्याच्याशी पटते त्या शेजाऱ्यापासून करा. पाण्याच्या पाळीसाठी न पटणारेही एकत्र येतातच की.

पण सगळा भार सभासदांवर टाकून चालणार नाही. अशा गटाच्या सगळ्या क्षेत्राला तोडणीची एकच तारीख द्यावी, यंत्र आधी तिथे पाठवावे आणि बेणे-रोपांत प्राधान्य द्यावे. त्याशिवाय लोकांनी विश्वास का ठेवावा? संचालक मंडळाने याचा विचार करावा, आणि सभासदांनी येत्या वार्षिक सभेत विषय काढून तो करायला लावावा.

चार एकराची दोन आणि दोनाची एक झाली. एकाचे वीस गुंठे होण्याआधी बांधावर बसून एकदा बोला. गट ऑफिसला कळवा, मोजणीला आणि आखणीला आम्ही येतो.