हळहळ पुरे, हातभार लावा

लिनक्सच्या केडीई ३.५ या डेस्कटॉपवर मी वेबसाइट बनवायला शिकलो. त्यातल्या क्वांटा प्लस या एडिटरमध्ये डावीकडे फायलींची यादी, मधे एचटीएमएल. एफ६ दाबलं की पान कसं दिसेल ते लगेच समोर. २००८ साली केडीई ४ आलं आणि क्वांटा मागेच राहिला. अजून चुटपुट लागते. पण केडीईचा सोर्स कोड खुला होता, म्हणूनच ‘ट्रिनिटी’ प्रकल्पाच्या स्वयंसेवकांनी तो जुना डेस्कटॉप आजही चालता ठेवलाय. इतकंच नाही, केडीईच्याच केएचटीएमएल या ब्राउझर इंजिनमधून ॲपलचं वेबकिट आणि पुढे क्रोमचं ब्लिंक निघालं. असं खुलं सॉफ्टवेअर फुकट वापरणारे आपण उदंड, निगा राखणारे मात्र मूठभर. जुन्या सॉफ्टवेअरवर खरंच जीव असेल, तर गळे काढण्यापेक्षा एखादा बग नोंदवा, मराठी भाषांतर करा, नाहीतर चार पैसे तरी पाठवा.