जहागीर बेगमेची, जमीन कोणाची?

दिल्लीच्या सरंजामी वैभवाचे गोडवे गाणाऱ्यांच्या भात्यात एक बाण नेहमीच असतो. या भूमीत स्त्रीला पूर्वापार गादी आणि जहागीर मिळत होती, तेव्हा स्त्रीच्या गुलामगिरीची कसली ओरड करता, असे ते विचारतात. पुरावा म्हणून दोन नावे पुढे केली जातात : रझिया सुलतान आणि सरधन्याची बेगम समरू.

रझियाला इल्तुतमिशने मुलांना डावलून वारस नेमले, हे खरे. पण तुर्की अमिरांनी ती इच्छा धुडकावून रुक्नुद्दीनला गादीवर बसवले, आणि १२३६ साली रझिया गादीवर आली ती दिल्लीच्या सामान्य नागरिकांनी तिची बाजू घेतली म्हणून. (राजघराण्यांच्या इतिहासात हे नागरिक एका ओळीत येतात आणि त्याच ओळीत नाहीसे होतात.) याकूत या हबशी अधिकाऱ्याला वर चढवून तिने अमिरांच्या मक्तेदारीला हात घातला, त्यासरशी ते उलटले. १२४० साली कैथलजवळ तिचा शेवट झाला. राजाला हवे ते सर्व गुण तिच्यात होते, पण ती पुरुष नव्हती, असा निर्वाळा समकालीन दरबारी इतिहासकार मिन्हाज देतो. अमिरांना खुपत होते ते तिचे स्त्रीत्व की इक्त्यांच्या वाटपातील तिचा हस्तक्षेप, हे मात्र तो विचारत नाही.

बेगम समरूचा काळ उत्तर मोगलांचा. पण जमिनीचा व्यवहार तोच जुना. भाडोत्री सेनानी वॉल्टर राइनहार्ट १७७८ साली मेला. त्याला दुसऱ्या स्त्रीपासून झालेला मुलगा हयात होता, तरी शाह आलमने सरधन्याची जहागीर बेगमेकडे दिली. हा काय स्त्रीमुक्तीचा फर्मान होता? दिवाळखोर बादशहाला तिच्या पलटणी हव्या होत्या! त्याच पलटणींनी १७९५ साली बंड करून तिला कैदेत टाकले. पुढे १८०३ साली असईच्या रणात तिचे सैनिक शिंद्यांच्या बाजूने उभे होते. त्यानंतर इंग्रजांशी तह करून तिने जहागीर हयातीपुरती राखली, आणि १८३६ साली तिने डोळे मिटताच कंपनीने ती गिळंकृत केली.

त्या जहागिरीत नांगर धरणाऱ्याच्या घरची स्त्री कोठे होती? बेगमेचा सारा शेजारच्या कंपनीच्या मुलखापेक्षा जड होता. जहागीर खालसा झाल्यावर खुद्द कंपनीच्या अधिकाऱ्यांना तो उतरवावा लागला. सरधन्याचे भव्य चर्च पाहून भारावणाऱ्यांनी त्याच्या विटा कोणाच्या घामाच्या, याचाही हिशेब मांडावा.

सरंजामशाही गेली, असे सांगणाऱ्या बूर्झ्वा राज्यकर्त्यांनी तरी काय केले? ‘दिल्ली जमीन सुधारणा कायदा, १९५४’ या भारदस्त नावाच्या कायद्याच्या ५०व्या कलमाने वारसांच्या यादीत पुरुष वंशज पहिले ठेवले. मुलगा असला की विधवा आणि मुलगी दोघीही बाहेर. उत्तर प्रदेशच्या जमीनदारी निर्मूलन कायद्यातही तीच रीत होती. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वाटा दिल्याचा मोठा गाजावाजा झाला. पण ४थ्या कलमाच्या २ऱ्या पोटकलमाने अशा शेतजमिनी अलगद बाजूला काढल्या. ते पोटकलम रद्द व्हायला २००५ साल उजाडले. दिल्लीतील स्त्रीला नवा वारसा कायदा शेतजमिनीलाही लागू होतो, हे उच्च न्यायालयाकडून २०१० साली वदवून घ्यावे लागले. तोवर दिल्लीभोवतीच्या किती गावांची शेते वसाहतींखाली गेली होती! भरपाई मिळाली ती दप्तरात नाव असलेल्याला. पेरणी, निंदणी, गुरांचे शेण-पाणी करणारीचे नाव दप्तरात नव्हतेच.

आणि सरधना? उत्तर प्रदेशच्या २००६ च्या महसूल संहितेने अविवाहित मुलीला मुलाच्या रांगेत आणले, विवाहितेला मात्र मागे ढकलले. बेगमेला पतीच्या पश्चात अख्खी जहागीर मिळाली, त्याच तालुक्यात बापाच्या चार बिघ्यांसाठी किसान स्त्रीला आधी लग्न झाले आहे की नाही, याचा जबाब द्यावा लागतो.