मुकुट चालतो, वाटा चालत नाही

मुलीला बापाच्या मालमत्तेत वाटा, बाईला घटस्फोटाचा हक्क! एवढ्यानेच सनातन्यांचं पित्त खवळलं. हिंदू कोड बिल रखडवलं गेलं आणि 1951 ला बाबासाहेबांनी कायदामंत्रिपदावर लाथ मारली. पुढच्याच वर्षी इंद्राणी रहमान 'मिस इंडिया' म्हणून अमेरिकेत, लाँग बीचला पहिल्या मिस युनिव्हर्स स्पर्धेत उतरल्या. त्या थोर नर्तकी. त्यांच्याशी आमचं भांडण नाही. बाईला मिरवणाऱ्या, पण वाटा मागताच तोंड फिरवणाऱ्या व्यवस्थेला आम्ही जाब विचारतो.

आमच्या गेवराईची ऊसतोड बाई आजही 'अर्धा कोयता'. घाम दोघांचा, उचल नवऱ्याच्या हातात.

पोरांनो, जमीन असेल तर सातबारा, नसेल तर मुकादमाची वही बघा. आईचं नाव आहे का?