फॉरमॅटच्या आधी पंचनामा

उन्हाळ्याची सुटी लागली आणि घरोघरी संगणकावरील खेळांना ऊत आला, की दुरुस्तीच्या दुकानांत एक ठरावीक तक्रार दाखल होऊ लागते: खेळ ऐन रंगात आला असता, कसलीही पूर्वसूचना न देता पडदा काळा होतो आणि काही क्षणांतच यंत्र, जणू काही घडलेच नाही अशा निर्विकारपणे, पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. या फिर्यादीवर घरातील वडीलधाऱ्यांचा निकाल आधीच लागलेला असतो, की दोष खेळाचा आणि खेळणाऱ्याचा. मुलाचाही निकाल लागलेला असतो, की नव्या ग्राफिक्स कार्डावाचून गत्यंतर नाही. आणि दुकानातील कारागीर या दोघांचीही कैफियत पुरती ऐकून न घेता, "विंडोज खराब झालंय, फॉरमॅट मारावा लागेल," असा हुकूम सोडून मोकळा होतो. या हुकमाइतका अविचारी आणि ग्राहकाच्या हिताला बाधक असा प्रघात या व्यवसायात दुसरा नसेल, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण फॉरमॅटने रोग जाईल की नाही हे अनिश्चित असले, तरी रोगाचा पुरावा जाईल हे निश्चित असते.

हा पुरावा कोठे असतो? विंडोज ही प्रणाली आपला रोजनामा स्वतःच लिहीत असते, 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडून तो कोणालाही वाचता येतो, आणि अशा अवचित रीस्टार्टनंतर त्यात 'कर्नल-पॉवर' या नावाखाली ४१ क्रमांकाची नोंद हटकून सापडते. पुष्कळ लोक या नोंदीलाच निदान समजून '४१ नंबरचा एरर' घालवण्याच्या खटपटीला लागतात; वास्तविक, मागील वेळी यंत्र रीतसर बंद झाले नव्हते एवढेच ती सांगते, आणि तेही यंत्र पुन्हा जागे झाल्यावर. मृत्यूची नोंद करणाऱ्या कारकुनाला मृत्यूचे कारण विचारावे, तसा हा प्रकार आहे. मात्र त्याच नोंदीच्या तपशिलात 'बगचेककोड' या सदरासमोर शून्य असेल, तर निळा पडदा दाखवून आपला दोष टिपून ठेवण्याइतकीही उसंत विंडोजला मिळाली नाही असे अनुमान निघते, आणि संशयाचा रोख प्रणालीवरून यंत्राच्या अवयवांकडे, त्यातही प्रथम विजेकडे वळतो. शून्याऐवजी दुसरा आकडा असल्यास ड्रायव्हर किंवा रॅम यांची चौकशी आधी करावी. आणि शेजारी 'व्हीआ-लॉगर'ची १८ क्रमांकाची नोंद आढळल्यास प्रोसेसरकडे पाहावे. 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'मधील आपोआप रीस्टार्ट करण्याची खूण काढून टाकल्यावरही यंत्र पूर्ववत रीस्टार्ट होत राहिले, तर विंडोजला या आरोपातून बव्हंशी मुक्त करण्यास हरकत नाही.

मग प्रश्न उरतो तो, पत्रे लिहिताना वा चित्रपट पाहताना तासन्‌तास निमूट चालणारे यंत्र खेळाच्या वेळीच का दगा देते हा. कॅबिनेटच्या एका कोपऱ्यात बसवलेला जो धातूचा डबा घरातील २३० व्होल्टच्या विजेचे १२ व्होल्टच्या एकदिश प्रवाहात रूपांतर करतो, आणि ज्याला बाजारात सर्व जण एसएमपीएस म्हणतात, त्याच्यावर साध्या कामात फारसा भार पडतच नाही; खेळात मात्र प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड एकाच वेळी पूर्ण जोमाने मागणी करतात, आणि ती मागणी स्थिर नसून क्षणोक्षणी उसळत असते. २०२० साली आलेल्या 'आरटीएक्स ३०८०' या कार्डाची अधिकृत मर्यादा ३२० वॉटची; परंतु या वर्गातील कार्डे मिलिसेकंदांपुरती या आकड्याच्या कितीतरी वर झेप घेतात, आणि सरासरी पाहणाऱ्या कोणत्याही मापकावर ती झेप दिसत नाही. अशा उसळीने एसएमपीएसमधील संरक्षक मंडल भार तोडून टाकते, किंवा १२ व्होल्टची पातळी पाच टक्क्यांच्या मुभेबाहेर घसरते आणि 'वीज ठीक आहे' असा जो संकेत मदरबोर्डला अखंड मिळत असतो तो खंडित होऊन मदरबोर्ड यंत्राला पुन्हा आरंभाकडे धाडतो. हा दोष इतका सार्वत्रिक झाला, की इंटेलने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या एटीएक्स ३.० या मानकात, मोठ्या एसएमपीएसने आपल्या क्षमतेच्या दुपटीची उसळी १०० मायक्रोसेकंद सोसली पाहिजे, अशी अट घालावी लागली.

आता आपल्या बाजारातील व्यवहार पाहा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असो वा तालुक्याच्या गावी, असेंबल केलेल्या संगणकाचा हिशेब करताना प्रोसेसर कोणत्या पिढीचा आणि कार्ड किती जीबीचे यावर तास-तास खल होतो, आणि अंदाजपत्रक फुगले की कात्री प्रथम एसएमपीएसवर चालते. अनेकदा तर तो कॅबिनेटबरोबर फुकट आलेला, लेबलावर भलाथोरला आकडा छापलेला असा निनावी डबा असतो. '८० प्लस'चे पदक पाहून निश्चिंत होणारेही भोळेच म्हटले पाहिजेत, कारण ते पदक विजेच्या कार्यक्षमतेचे आहे, संरक्षक मंडलाच्या गुणवत्तेची हमी त्यात नाही. त्यातच यूपीएसची भर पडते. बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॉटच काय तो पेलतो; तेव्हा घरातील व्होल्टेज क्षणभर खाली आले आणि खेळाच्या ऐन भरात सारा भार बॅटरीवर पडला, की तो मान टाकतो आणि शिव्या मात्र महावितरणला बसतात. (महावितरणला शिव्या देण्यास अन्य सबळ कारणे आहेत, हे त्यांपैकी नेहमीच असेल असे नाही.)

तपासाचा मार्ग कठीण नाही आणि त्याला फारसा खर्चही नाही. यूपीएस वगळून, अर्थिंग असलेल्या भिंतीवरील प्लगमधून यंत्र चालवून पाहावे. कार्डाच्या दोन जोडण्यांना एकच दुतोंडी वायर लावलेली असेल तर दोन स्वतंत्र वायरी लावाव्यात, कारण ८ पिनांच्या एका जोडणीचा नेमस्त भार १५० वॉटचाच आहे. रॅमची वाढवलेली गती तात्पुरती मूळ पदावर आणावी. त्यानंतर कार्डाची वीजमर्यादा वीस-तीस टक्क्यांनी उतरवून तोच खेळ खेळावा. एवढ्याने रीस्टार्ट थांबले, तर एसएमपीएसवरील संशय बळावतो. परंतु कार्डच सदोष असण्याचीही शक्यता असल्यामुळे, मित्राचा चांगला एसएमपीएस उसना लावून पाहिल्याशिवाय दोषारोप कायम करू नये. उष्णतेवर खापर फोडण्याची रूढी जुनी आहे आणि वैदर्भीय मे महिन्यात, धुळीने भरलेल्या पंख्यांच्या बाबतीत, ती अगदीच निराधारही नाही. तथापि आजचे प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचले की प्रथम आपली गती कमी करतात, त्यामुळे खेळ आधी अडखळू लागतो.

एसएमपीएस हाच नेहमी अपराधी, असे मात्र कोणी समजू नये. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही प्रोसेसरांवर खेळ कोसळू लागले, तेव्हा कित्येकांनी रॅम बदलल्या आणि विंडोज नव्याने घातले. अखेर २०२४ साली इंटेलनेच कबूल केले की दोष प्रोसेसरला मिळणाऱ्या वाजवीपेक्षा अधिक व्होल्टेजशी निगडित आहे, मदरबोर्डासाठी नवा मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ज्यांनी आपल्या नोंदी जपून ठेवल्या होत्या, त्यांना बदली प्रोसेसर मागताना त्या दाखवता आल्या. ज्यांचा रोजनामा फॉरमॅटमध्ये पुसला गेला, त्यांच्या हाती केवळ तक्रार उरली.

कारागिरावर सर्व दोष टाकणे न्यायाचे होणार नाही. फॉरमॅटचे पैसे आपण मुकाट्याने मोजतो, पण कोणी दोन तास खपून "तुमचं विंडोज शाबूत आहे, दोष एसएमपीएसचा आहे" असे सांगितले, तर "नुसतं पाहायचे पैसे कसले?" असा सवाल करतो. डॉक्टरच्या तपासणीला फी देणारा समाज यंत्राच्या तपासणीला फी देण्यास का कचरतो, हे मला उमगलेले नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, त्या महाराष्ट्रात पक्क्या पावतीचे महत्त्व नव्याने सांगावे लागू नये. आणि मालाची गुणवत्ता व प्रमाण जाणून घेण्याचा हक्क २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानेही मान्य केला आहे. तेव्हा संगणक विकत घेताना 'एसएमपीएस ५०० वॉट' एवढ्यावर समाधान न मानता त्याचा मेक, मॉडेल आणि वॉरंटी पावतीवर लिहून घ्या. आणि दुरुस्तीला देताना निदानाची फी आनंदाने कबूल करून, कारण लेखी दिल्याशिवाय फॉरमॅट करू नये, अशी अट घाला.