कॅमेऱ्याची बांधिलकी

तालुक्याच्या गावी वृत्तपत्रांसाठी छायाचित्रे काढणाऱ्या तरुणापुढे पहिला प्रश्न पोटाचा असतो. छापून आलेल्या छायाचित्रांच्या तुटपुंज्या मानधनावर त्याचे घर चालत नाही. ते चालते लग्नसराईवर. हा प्रश्न कसाबसा सुटला, तरी दुसरा उरतोच. रोज तेच सत्कार, तीच उद्घाटने, मंचावरचे तेच चेहरे! खरा इतिहास महानगरात किंवा रणभूमीवर घडतो आणि आपण मात्र येथे कुजत पडलो आहोत, असे त्याला वाटू लागते. ही निराशा समजण्यासारखी आहे. पण तिच्या मुळाशी असलेली समजूत चुकीची आहे.

१९४३ साली बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला, तेव्हा सुनील जाना हा पंचविशीचा तरुण कलकत्त्यात इंग्रजी साहित्याचे शिक्षण घेत होता. कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस पूरनचंद जोशी यांनी त्याला आपल्याबरोबर दुष्काळग्रस्त भागात नेले. ‘पीपल्स वॉर’ या पक्षपत्रातून प्रसिद्ध झालेल्या त्याच्या छायाचित्रांनी त्या उपासमारीला चेहरा दिला. जाना यांच्या जीवनाला दिशा लाभली ती दूरच्या कोणत्या आघाडीवर नव्हे, तर स्वतःच्याच प्रांतात, भुकेल्या माणसांसमोर. मुंबईत सुधारक ओलवे यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांचे जीवन टिपले. ते कामगार रोज सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. त्यांच्याकडे पाहण्याची तयारी मात्र समाजाची नव्हती.

बाहेरून आलेला छायाचित्रकार चित्र घेऊन निघून जातो. स्थानिक छायाचित्रकाराला तोच चेहरा दुसऱ्या दिवशी बाजारात भेटतो आणि विचारतो, “त्या फोटोचं पुढं काय झालं?” या प्रश्नाला उत्तर देण्याची जबाबदारी हीच त्याच्या कामाची खरी प्रेरणा होय. कोरड्या विहिरीचे एक चित्र ही बातमी असते. त्याच विहिरीची दहा उन्हाळ्यांतील दहा चित्रे ही साक्ष असते. ती साक्ष तेथे राहणाऱ्यालाच देता येते.

अर्थात, केवळ छायाचित्राने न्याय मिळत नाही. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध २०१३ साली नवा कायदा झाला. त्यानंतरही गटारांत उतरलेले कामगार गुदमरून मेले आहेत. चित्र प्रश्न उभा करते. तो तडीस नेण्याचे काम संघटनेचे असते.

म्हणूनच कार्यकर्त्यांनीही आत्मपरीक्षण करावयास हवे. आपण या तरुणाला बोलावतो ते मोर्चाच्या पहिल्या रांगेचे आणि व्यासपीठावरील पुढाऱ्यांचे चित्र घेण्यासाठी. ऊसतोड मजुरांच्या पालांवर तो पहाटे जातो, तेव्हा त्याच्याबरोबर कोण असते? वाळूच्या बेकायदा उपशाचे चित्र छापल्यावर त्याला धमकी येते, तेव्हा त्याच्या घरी कोण जाते? त्याच्या श्रमाचा मोबदला द्यावा, चित्राखाली त्याचे नाव छापावे, त्याची चित्रे जपून ठेवावीत आणि संकटसमयी त्याच्या पाठीशी उभे राहावे, एवढे तरी आपल्याला अशक्य नाही. श्रमाला दाम मागणाऱ्या चळवळीने या श्रमिकाला फुकट राबवणे शोभत नाही.