पळी आणि तराजू

अन्न वाढण्याची पळी निराळी आणि धान्य तोलण्याचा तराजू निराळा, हें घरांतील लहान मुलालाहि कळतें. परंतु अमेरिकेसारख्या सुबत्तेच्या देशांत मात्र गेलीं कित्येक दशकें पळीलाच तराजू मानून विद्यार्थ्यांचें दारिद्र्य तोललें जात आहे.

१९४६ सालच्या कायद्यानें त्या देशांत शालेय भोजनाची योजना स्थिर झाली. आजच्या नियमाप्रमाणें ज्या कुटुंबाचें उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत असेल, त्याच्या मुलांस जेवण फुकट. १३० ते १८५ टक्क्यांच्या दरम्यान असेल तर सवलतीचें, म्हणजे फार तर ४० सेंटांत. योजना स्तुत्यच. आमचें भांडण आहे तें तिच्या नोंदवहीच्या भलत्या उपयोगाशीं. ‘या शाळेंत गरीब मुलें किती?’ या प्रश्नास ‘फुकट वा सवलतीचें जेवण किती जणांस मंजूर झालें तें पाहा’ हें ठरीव उत्तर मिळूं लागलें. त्याच आंकड्यांवर शाळांची तुलना होऊं लागली, आणि अनेक ठिकाणीं मदतीचा पैसाहि वांटला जाऊं लागला.

हें माप खोटें कां? एक तर, ज्या घरांत आज चूल पेटेल कीं नाहीं याची भ्रांत, तेथील मूल आणि दारिद्र्यरेषेच्या पावणेदोन पट उत्पन्नाच्या घरचें मूल या दोघांना तें एकाच पंक्तीला बसवितें. मिशेलमोर व डायनार्स्की या विदुषींनीं मिशिगन राज्यांतील आठवीच्या मुलांचा अभ्यास २०१७ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत सुमारें निम्मीं मुलें अशा जेवणास पात्र आढळलीं. पण बालवर्गापासून दरवर्षीं पात्र ठरलेलीं अवघीं १४ टक्के, आणि अभ्यासांत सर्वांत मागें पडलेलीं तींच. ज्यांना मदत अधिक हवी, तींच या गर्दींत दिसेनाशीं झालीं! दुसरें असें कीं, २०१० च्या कायद्यानें गरीब वस्तींतील शाळांस सर्वच मुलांना फुकट जेवण देण्याची मुभा मिळाली. तेथें जेवणासाठीं उत्पन्नाचे अर्ज भरणें थांबलें. जुन्या हिशेबानें पाहूं जातां शाळेंतील यच्चयावत् मुलें एका रात्रींत गरीब झालीं!

यावर कोणी म्हणेल कीं, निदान आंकड्यांसाठीं तरी ते अर्ज चालू ठेवावेत. हा युक्तिवाद आम्हांस निर्दय वाटतो. मोजणी नीट व्हावी म्हणून मुलानें ताटावर बसण्यापूर्वीं बापाच्या मिळकतीचा दाखला पुढें करावा काय? आपल्याकडे सरकारी व अनुदानित शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांस दुपारचें अन्न मिळतें, तें बापाची मिळकत न विचारतां. आणि त्या ताटांवरून कोणी दारिद्र्याची शिरगणती करीत नाहीं.

अमेरिकेस दारिद्र्य मोजावयाचेंच असेल तर मार्ग बंद नाहीं. कोणतीं कुटुंबें सरकारी अन्नसाहाय्य वा वैद्यकीय साहाय्य घेतात, हें तेथें सरकारदप्तरीं नोंदलेलें असतें. तें पाहावें, आणि एका वर्षाचें न पाहतां अनेक वर्षांचें पाहावें. श्रम अधिक पडतील, पडोत. ते हिशेबनिसानें करावेत, भुकेल्या मुलावर त्यांचा भार नको.