परभणीच्या मुलीला मैदान कोण देणार?

एखादी मुलगी खेळात चमकली की वृत्तपत्रे तिच्या जिद्दीचे गोडवे गातात. जिद्द खरीच असते; परंतु त्या कौतुकाखाली तिच्या सुरुवातीच्या वर्षांचा जमाखर्च झाकला जातो. तेरा-चौदाव्या वर्षी तिला मैदान कोणी दिले, प्रशिक्षक कोणी नेमला आणि शिक्षण संपताच घरात लग्नाचा विषय निघाला तेव्हा तिच्या हाती स्वतःचा पगार कोणी ठेवला, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून स्त्रीखेळाडूच्या कारकिर्दीचा अर्थ लागत नाही.

बास्केटबॉलचे उदाहरण घेऊ. केरळच्या कोट्टयम जिल्ह्यातील गीतू अ‍ॅना जोस प्रथम व्हॉलीबॉल खेळत असे. बास्केटबॉलकडे वळल्यावर दक्षिण रेल्वेच्या नोकरीने तिला स्थैर्य दिले. 2006 साली ती ऑस्ट्रेलियातील रिंगवूड क्लबकडून खेळू लागली आणि 2011 मध्ये अमेरिकेच्या व्यावसायिक महिला लीगमधील संघांच्या निवड चाचणीपर्यंत पोहोचली. पुण्याच्या शिरीन लिमये हिनेही राष्ट्रीय स्पर्धांत रेल्वेचेच प्रतिनिधित्व केले आणि पुढे भारतीय संघाचे नेतृत्व केले. 2017 साली बंगळुरूला कझाकस्तानवर अवघ्या दोन गुणांनी मात करून आशिया चषकाच्या ‘ब’ गटाचे विजेतेपद मिळविणाऱ्या संघात ती होती. खासगी भांडवलाने क्रिकेटपटूंचे लिलाव मांडले. बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलींना पोटापाण्याची हमी दिली ती सार्वजनिक क्षेत्रातील रेल्वेने.

अमेरिकेची कथाही निव्वळ बाजाराची नाही. शासकीय पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदास बंदी घालणारा कायदा तेथे 1972 साली झाला आणि मुलींसाठी शाळा-महाविद्यालयांची मैदाने खुली झाली. महिलांच्या आजच्या व्यावसायिक लीगचा पहिला हंगाम उजाडला तो 1997 मध्ये. मधली पंचवीस वर्षे पाया कायद्याने घातला. तिकिटे विकणारे नंतर आले.

आता परभणीकडे पाहू. या मातीत गुण नाहीत असे म्हणण्याची सोय ज्योती गवते हिने ठेवलेली नाही. 2017 च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत ती पहिली आली. 2018, 2019 आणि 2020 साली दुसरी. मात्र धावणारी मुलगी कष्टाने का होईना, एकटी रस्त्यावर सराव करू शकते. बास्केटबॉलला 28 मीटर लांब व 15 मीटर रुंद असे पक्के मैदान लागते, पाच जणींसमोर दुसऱ्या पाच जणी लागतात आणि त्यांना रोज एकत्र आणणारा प्रशिक्षक लागतो. एकटीच्या जिद्दीने हा खेळ उभा राहत नाही. म्हणूनच समाजाने आपल्या मुलींसाठी काय केले याची परीक्षा सांघिक खेळात होते.

महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. ते योग्यच आहे. पण ते पदक मिळविलेल्या खेळाडूसाठी आहे. पदकाच्या आधीची सात-आठ वर्षे जिंतूर, गंगाखेड किंवा सोनपेठच्या शेतमजुराच्या मुलीने कोणाच्या आधारावर काढावीत? खेळ सोडण्याची पाळी येते ती याच वर्षांत.

यावर जिल्ह्याच्या ठिकाणी एक भव्य क्रीडासंकुल हे उत्तर पुरेसे नाही. संध्याकाळच्या बसची शाश्वती नसलेल्या गावातील मुलीला ते संकुल मुंबईइतकेच दूर. प्रत्येक तालुक्यात निदान एका सरकारी शाळेत दिव्यांची सोय असलेले मैदान, कायम नेमणुकीवरील महिला प्रशिक्षक, सरावानंतर पोटभर आहार आणि घरी पोहोचविणारे वाहन या चार गोष्टी एकत्र मागितल्या पाहिजेत. त्यांपैकी एक जरी गळली तरी उरलेल्या तिन्ही वाया जातात.

परभणीतील कार्यकर्त्यांनी प्रथम आपापल्या तालुक्यातील शाळांत जाऊन मोजदाद करावी : मैदान आहे काय, क्रीडाशिक्षकाचे पद भरलेले आहे काय आणि शाळा सुटल्यावर तेथे मुली खेळतात काय. तो हिशेब घेऊन जिल्हा नियोजन समितीसमोर उभे राहावे. पूर्णा जंक्शनवरून रेल्वे रोज धावते. त्याच रेल्वेच्या संघात उद्या पूर्ण्याची मुलगी दिसावी, ही अपेक्षा अवाजवी नाही. मात्र तिची तयारी आज, शाळेच्या मैदानावर सुरू झाली पाहिजे.